चोरीचं लिंबू

न्यू ऑर्लिन्स, २० फेब्रुवारी १९८६

प्रिय व्हीटा,

पाय कसा आहे? आधी पायाचं विचारून घेते, म्हणजे पुढे जे बोलणार आहे ते बोलायला मी मोकळी. अठ्ठावन्न वर्षांची बाई कार्निव्हलच्या दिवशी शिडीवर चढते, तीही शेजारच्या पोरांसाठी उभ्या केलेल्या शिडीवर, आणि कशासाठी? तर रथावरून फेकलेल्या एका रंगवलेल्या नारळासाठी! मण्यांची माळ झेलायला गेली असतीस तर मी एक शब्द बोलले नसते. डॉक्टरने विचारलं, "कशा पडलात?" तर तू म्हणालीस, "नारळ सोडला नाही." त्याने ते माझ्या डोळ्यांदेखत कागदावर लिहून घेतलं.

नारळ तुझ्या खोलीत कपाटावर ठेवलाय. धूळ पुसते.

आता कामाचं. एकोणीस मार्चला संत जोसेफची वेदी, म्हणजे पायऱ्या भरून पाव, बिस्किटं, फळं मांडायची. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ती मी तुझ्याशिवाय कधी मांडलेली नाही. अंजिराची बिस्किटं वळायला आपण दोघी समोरासमोर बसायचो आणि एकमेकींची बिस्किटं किती वाकडी ते सांगायचो. माझा सँटो गेला त्यानंतरही चुकलं नाही, कारण तू ह्यूस्टनहून येत होतीस. यंदा तू प्लास्टरमध्ये आणि मी एकटी. शेजारची ओडील म्हणते, मी येते मदतीला. पण तिच्या घरी संत जोसेफच्या रात्री मिरवायच्या नवऱ्याच्या पिसांच्या पोशाखाचं शिवणकाम चाललंय, मणी टाचून टाचून तिच्या बोटांची चाळण झालीय. त्यात तिच्या जोडघराच्या दुसऱ्या अर्ध्यात तो ट्रॉम्बोनवाला भाडेकरू. तो वाजवायला लागला की माझ्या ताटल्या हलतात. ती बिचारी घराला घर लावून त्याच्याशी जोडलेली आहे.

एक मात्र यंदा ठरवलंय. वेदीवरचं एक लिंबू तुला पोस्टाने पाठवणार. ज्या बाईचं लग्न झालेलं नाही तिला त्या लिंबाने वर्षाच्या आत नवरा मिळतो, हे तुला मी काय सांगायचं? आपल्या मावश्या तुला सांगता सांगता देवाघरी गेल्या. पण ह्यूस्टनला तुझ्या भाच्याच्या गॅरेजवरच्या खोलीत तू दिवस काढतेस ते मला बघवत नाही. आपलं म्हणून एखादं माणूस असावं, आपलं म्हणून एक दार असावं. नाही म्हणू नकोस.

तुझी वहिनी,
अर्लीन


ह्यूस्टन, २ मार्च १९८६

प्रिय वहिनी,

पाय आहे. दुसराही आहे.

इतकी वर्षं वेदी मांडतेस आणि लिंबाचा कायदा तुला ठाऊक नाही, याचं नवल वाटलं. लिंबू चोरावं लागतं. दिलेलं चालत नाही, मागितलेलं चालत नाही, पोस्टाने आलेलं तर नाहीच नाही. चोरताना कुणी पाहता कामा नये. आणि तू तुझ्याच वेदीवरचं उचलणार, म्हणजे ती चोरी नव्हे, ती आवराआवर.

शिवाय मला नवरा नको आहे. हे मी मावश्यांना सांगितलं, फादरना सांगितलं, सँटोला सांगितलं. एक सँटो तेवढा म्हणाला, "बरं." भाऊ होता म्हणून नव्हे, पण शहाणा होता.

खोलीला काही झालेलं नाही. खाली भाच्याची गाडी सुरू झाली की पलंग हलतो, म्हणजे गजराचं घड्याळ लागत नाही. त्याची बायको, सूनबाई, चांगली आहे. माझं ताट झाकून ठेवते. फक्त ते ताट तिच्या वेळेला जेवायचं असतं. असो.

वेदीवर पावाचा चुरा भाजून घाल, नुसता टाकू नकोस. जोसेफ सुतार होता, त्याचा भुसा सोनेरी हवा. आणि सँटोचा फोटो फुलांच्या पुढे ठेव. गेल्या वर्षी लिलींमधून त्याचं नाक तेवढं दिसत होतं.

तुझी,
व्हीटा


न्यू ऑर्लिन्स, २१ मार्च १९८६

व्हीटा,

हे पत्र वाचून झालं की फाड. ओडीलला सगळं ठाऊक आहे, पण तिच्याबाहेर जाता कामा नये.

वेदी छान झाली. जोसेफच्या नावाने दारोदार मागून आणलं. मैदा, अंडी, अंजीर, कुणी नाही म्हणालं नाही. ट्रॉम्बोनवाल्यानेसुद्धा साखर दिली, तीत मुंग्या होत्या, पण दिली. चुरा भाजला. फोटो पुढे ठेवला.

आता ऐक. माझ्याच लिंबाची चोरी होत नाही हा तुझा कायदा मला पटला. म्हणून संध्याकाळी मी दुसऱ्याच्या वेदीवर गेले. आपल्या रस्त्याच्या टोकाला अन्सेल्म लुपो राहतो, आठवतो? बाजारात भाजीचा गाळा होता त्याचा. लिओना लुपोचा नवरा. ती गेली दोन वर्षांमागे, आणि यंदा म्हाताऱ्याने तिची वेदी एकट्याने मांडली. पायऱ्या तिरक्या, मेणबत्त्या वाकड्या, आणि बिस्किटं अशी की त्यांनी घर शाकारावं. पण लिंबं! परडीभर, पिवळीधमक, दाराशीच.

तेवढ्यात ओडीलचा नवरा पिसांचा पोशाख चढवून रस्त्यावर आला. यंदा केशरी. एक माणूस अख्खा रस्ता व्यापून चालत होता. डफ वाजायला लागले, आणि लुपोकडची सगळी माणसं बघायला ओसरीवर धावली. खोलीत राहिले मी, संत जोसेफ आणि परडी. पर्स उघडली, लिंबू आत, पर्स बंद. तुला माझ्या पर्सचा खटका माहीत आहे. बंदूक उडाल्यासारखा वाजतो. वळून बघते तर लुपो! हातात चुऱ्याचा वाडगा.

बासष्टाव्या वर्षी, उपासाच्या दिवसांत, देवासमोर चोर म्हणून पकडले गेले. आणि त्या माणसाने काय करावं? वाडगा घेऊन भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "उरका, मिसेस स्कार्पा. मी बघत नाहीये."

मी म्हणणार होते, अहो, हे माझ्यासाठी नाही, माझ्या नणंदेसाठी आहे. पण तुझी अब्रू रस्त्यावर कशाला आणायची? मी आपली "बिस्किटं सुरेख झालीत" म्हणाले आणि बाहेर पडले. देवासमोर चोरी केली ती केली, वर खोटंही बोलले.

लिंबू सोबत पाठवलंय. इतकी फजिती करून आणलंय, आता गपगुमान नवरा कर.

अर्लीन


ह्यूस्टन, ३ एप्रिल १९८६

प्रिय वहिनी,

लिंबू पोचलं. पत्र फाडलेलं नाही. ते मी मरताना माझ्यासोबत ठेवायला सांगणार आहे.

इतकी हसले की सूनबाई वर बघायला आली. तिला सांगितलं, पायाला खाज सुटलीय.

लुपो आठवतो. लग्नात तुला सलाडाची टोपली भेट दिली होती आणि सँटो म्हणाला होता, "या माणसाला चांदी आणि पालेभाजी यांतला फरक कळत नाही." पण ताजी होती. आपण दुसऱ्या दिवशी खाल्ली.

तर आता त्या माणसाच्या दृष्टीने काय झालं ते बघ. एक विधवा बाई त्याच्या घरी येते, सगळे बाहेर जाईपर्यंत थांबते आणि नवरा मिळवून देणारं लिंबू चोरते. तो काय समजला असेल? तू ह्यूस्टनमधल्या नणंदेचं भलं करायला गेलीस हे? मला नाही वाटत. जरा दार लावून बसत जा.

लिंबू खिडकीत ठेवलंय. बघू या कोण येतं. आतापर्यंत एक माशी आली.

व्हीटा


न्यू ऑर्लिन्स, १२ जून १९८६

प्रिय व्हीटा,

तुझी जीभ काळी आहे. तो माणूस यायला लागलाय.

पहिल्यांदा इस्टरनंतर आला, कोळंबी घेऊन. म्हणाला, "जास्त आणली गेली." मी म्हटलं, "मग कमी आणायची." घेतली आणि दार लावलं. मग पायरीची फळी सुटलीय म्हणून आला. ती फळी कार्निव्हलपासून सुटलेली होती, मला तिच्यावरून कसं जायचं ते पाठ होतं, आता नीट बसवल्यापासून मीच अडखळते. मग जाळीच्या दाराचा स्प्रिंग. आता टोमॅटो. बाजारात टोमॅटोची जत्रा भरली होती, तिथून टोपली भरून आणली. लुपो म्हणतो, टोमॅटो नाकाने विकत घ्यावा, डोळ्यांनी नाही. टोमॅटो होते चांगले, त्यात खोटं का बोलू? मीठ लावून ओसरीवर खाल्ले. तो एका खुर्चीत, मी दुसऱ्या, मध्ये टोपली. त्याला लिओनाच्या बिस्किटांची कृती हवी होती, माझी नको, तिची. मी म्हटलं, ती तिने कुणालाच दिली नव्हती. तर म्हणाला, "मलाही नाही. चाळीस वर्षं मी तिला ती विचारत होतो." हसला आणि मग डोळे पुसले. मी टोमॅटो चिरत राहिले. दुसरं काय करायचं?

ओडील म्हणते, "अर्लीन, लिंबू लागलं." मी म्हटलं, गप्प बस. हे सगळं तुझ्यामुळे झालंय. तू ताबडतोब कुणाशी तरी लग्न कर, म्हणजे मला लुपोला सांगता येईल की लिंबू कुणाचं होतं.

तुला वाटेल मी त्याच्याबद्दलच लिहितेय. तसं काही नाही. सोमवारी नेहमीसारखा राजमा-भात केला. लुपो त्यात तमालपत्र दोन घालतो म्हणे.

अर्लीन


ह्यूस्टन, ३० जून १९८६

प्रिय वहिनी,

प्लास्टर निघालं. पाय पांढरा आणि बारीक निघाला, कुणा दुसरीचाच वाटतो.

तुझं पत्र वाचलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं पुरे. लुपो पायरीवर, लुपो दारात, लुपो टोमॅटोत, लुपो राजम्यात. सँटोचं नाव कुठे आहे म्हणून शोधलं. चष्मा पुसून पुन्हा शोधलं. सापडलं नाही.

लिंबू आता तपकिरी झालंय. नवरा अजून नाही. पोस्टमन आला होता, पण त्याला तीन मुलं आहेत.

व्हीटा


ह्यूस्टन, १८ ऑगस्ट १९८६

प्रिय वहिनी,

जुलै गेला, ऑगस्ट निम्मा गेला. तुझं पत्र नाही. तू आठ दिवस गप्प बसलीस तर डॉक्टर बोलवायची पाळी येते, म्हणून विचारते, बरी आहेस ना?

व्हीटा


ह्यूस्टन, २६ सप्टेंबर १९८६

वहिनी,

ओडीलला फोन केला. ती म्हणाली, तू धडधाकट आहेस, राजमा शिजवतेस आणि कुणाशी बोलत नाहीस. लुपोशीही नाही. म्हणजे तू माझ्यावर रागावली आहेस. काय बोलले तेही मला कळलं. मी चेष्टा करत होते. निदान अर्धी चेष्टा होती. लिही काहीतरी, शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

व्हीटा


न्यू ऑर्लिन्स, ३ नोव्हेंबर १९८६

प्रिय व्हीटा,

शिव्या लिहायला बसले होते, पण ते राहू दे. आधी परवाचं सांगते.

शनिवारी सर्व संतांचा दिवस. दर वर्षीसारखी बादली, कुंचा, चुना आणि पिवळी शेवंती घेऊन स्मशानात गेले. तुला ठाऊक आहे, त्या दिवशी तिथे जत्रा असते. सगळं शहर आपापल्या माणसांची थडगी घासायला आलेलं, फाटकाशी गरम भजी आणि फुगे, पोरं थडग्यांच्या मधून पळतात, ओडील आपल्या सासूच्या थडग्यावर बसून सँडविच खात होती. सँटोच्या गल्लीत वळले आणि बघते तर काय, आपल्या सगळ्या ओळीत एकटं त्याचंच थडगं पांढरंशुभ्र! कोपरेसुद्धा रंगवलेले, नावातली अक्षरं काळ्या रंगाने भरलेली. मी बादली धरून उभी. ओडील मागून आली आणि म्हणाली, "अर्लीन, तुझ्या नवऱ्याला कुणीतरी चुना लावून गेलं."

कोण ते मला विचारावं लागलं नाही. दोन ओळी सोडून लिओनाचं थडगं आहे आणि लुपो तिथे कुंचा धुवत होता. मी तरातरा गेले. म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या थडग्याला हात लावायचा तुम्हाला अधिकार कुणी दिला?" तर खाली बघून म्हणाला, "चुना उरला होता." कोळंबी जास्त आणली गेली, चुना उरला होता, या माणसाकडे सगळं उरतच असतं! मी त्याला आणखी बोलणार होते, पण तिथे सगळ्यांसमोर रडायलाच आलं. भजीवाला बघत होता. लुपोने खिशातून रुमाल काढला, त्याला चुना लागलेला, तो माझ्या तोंडाला लागला. ओडील म्हणते मी पिसांच्या पोशाखाशिवाय, नुसतं तोंड रंगवून कार्निव्हलला निघाले होते.

आता जे लपवलं ते सांगते. जुलैत त्याने मला लग्नाचं विचारलं. ओसरीवर, टोमॅटो संपले होते तेव्हा. आणि दुसऱ्याच दिवशी तुझं पत्र आलं, सँटोचं नाव सापडलं नाही म्हणून. मला वाटलं, त्याच्या बहिणीने मला पकडलं. लिंबू चोरताना पकडले गेले तेव्हा लाज वाटली होती, या वेळी त्याहून जास्त वाटली. मी लुपोला सांगितलं, येत जाऊ नका. तो आला नाही. त्याने एवढंही विचारलं नाही की का, आणि त्याचाही मला रागच आला.

सँटोला मी विसरलेले नाही, व्हीटा. त्याचं नाव पत्रात नव्हतं, कारण तो मला सांगावा लागत नाही, तो घरात असतोच. पण खरी भीती ती नाही. सँटोला मी वर गेल्यावर समजावीन, तो माझं ऐकतो. भीती तुझी आहे. मी सँटोची बायको म्हणून तुझी वहिनी. उद्या लुपोची बायको झाले तर तुझी कोण? कार्निव्हलला तू कुणाच्या घरी येणार? बिस्किटं वळायला माझ्या समोर कोण बसणार? आई गेली, बहीण नाही, मूल झालं नाही. नवरा गेला तेव्हा सगळे चार दिवसांनी आपापल्या घरी गेले आणि तू महिनाभर माझ्या शेजारी पलंगावर झोपलीस, घोरत. त्या घोरण्यावर मी तगले.

नवऱ्यापायी नणंद गमवायची असेल तर मला नवरा नको. हे रागाने लिहीत नाही. तू सांगशील तसं करीन.

अर्लीन


ह्यूस्टन, १० नोव्हेंबर १९८६

वहिनी,

पत्रासोबत डबी आहे ती उघड. आत जे वाळकं, काळं, लाकडासारखं दिसतंय ते लुपोचं लिंबू. चोरीचा माल चोराकडे परत पाठवतेय.

कायदा मी तुला अर्धाच सांगितला होता, कारण मला वाटलं नव्हतं तू खरोखर चोरशील. लिंबू ज्याच्यासाठी चोरलं त्याला लागत नाही. ज्याने चोरलं त्याला लागतं. माझ्या खिडकीत ते सात महिने फुकट बसलं होतं.

आता सँटोचं. त्या पत्रातली अर्धी चेष्टा होती आणि अर्धं मला खरंच टोचलं होतं. मला वाटलं, तू त्याला विसरलीस तर त्याची आठवण काढायला मी एकटीच उरणार. हे तुला सरळ लिहायला हवं होतं, तर मी चष्मा पुसत बसले. चुकलंच माझं. आणि थडग्याचं म्हणशील तर माझ्या भावाला मी ओळखते. त्याने उभ्या आयुष्यात आईबापांच्या थडग्याला कुंचा लावला नाही, दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी." फुकटात कुणी लावून गेलं म्हटल्यावर तो खूश झाला असणार. तो वर लिओनाला बिस्किटांची कृती विचारत असेल.

आणि हे काय लिहिलंस, तू माझी कोण? नातं सँटोने लावून दिलं, पुढे चालवलं आपण दोघींनी. त्याला विचारून तरी कधी चालवलं? शिवाय मी चौकशी केलीय, लुपोला सख्खी-चुलत एकही बहीण नाही. म्हणजे तुझं घर बिननणंदेचं होणार, तुला कुणी बोलणारं नसणार, तू बिस्किटं हवी तेवढी वाकडी वळणार. ते मी होऊ देणार नाही. लुपोला सांग, बायको हवी असेल तर नणंद सोबत येते, वेगळी मिळत नाही.

सँटोच्या लग्नात मी मुलाकडची होते आणि केकचा तुकडा लहान मिळाला म्हणून रुसले होते. या वेळी मुलीकडची म्हणून येईन. रुसायचं ते मग बघू.

हो म्हण त्याला. आजच म्हण.

व्हीटा


न्यू ऑर्लिन्स, ७ जानेवारी १९८७

लाडक्या व्हीटा,

म्हटलं. तो म्हणाला, "बरं." सँटोसारखंच.

काल कार्निव्हल उघडला, वर्षाचा पहिला राजा-केक कापला. ओडील, तिचा नवरा, लुपो आणि मी. आतलं प्लास्टिकचं बाळ लुपोच्या तुकड्यात निघालं. म्हणजे पुढचा केक त्याच्याकडे. ओडील म्हणाली, "लुपो, या वयात बाळ!" तो इतका लाजला की बाळ गिळता गिळता राहिला.

लग्न उपासाच्या दिवसांत नको, म्हणून इस्टरनंतरचा शनिवार, पंचवीस एप्रिल. तुझा निरोप दिला. तो म्हणाला, "नणंदेशिवाय मी घेतलीच नसती."

वेदी यंदा एकच, माझ्या घरी. पायऱ्या तो करतोय, सरळ. मधल्या पायरीवर सँटो आणि लिओना शेजारी शेजारी. फुलांच्या पुढे. आणि लिंबाने ज्याचं काम झालं त्याने पुढच्या वर्षी परडी भरून परत करायची असते, म्हणून लिंबं माझ्यातर्फे.

तू एकोणीस मार्चला आली नाहीस तर मी लग्न मोडीन. शिडी ओडीलच्या कोठीत कुलूप लावून ठेवलीय.

तुझी, आत्ताही आणि नंतरही,
वहिनी


ह्यूस्टन, २८ मार्च १९८७

प्रिय वहिनी,

पोचले. बिस्किटं बसमध्येच संपली. तुझी वाकडी होती, लुपोची या वर्षी चावता आली.

आता मला एक सांगायचंय, आणि हे पत्रही फाडू नकोस.

संध्याकाळी ओडीलच्या नवऱ्याचे डफ वाजले आणि तुम्ही सगळे पिसं बघायला ओसरीवर धावलात, तेव्हा मी धावले नाही. तुला वाटलं पायामुळे. मी खोलीत थांबले आणि तुझ्या परडीतलं एक लिंबू उचलून पर्समध्ये टाकलं. माझ्या पर्सला चेन आहे. वळून बघते तर दारात लुपो, हातात वाडगा, आणि तोंड भिंतीकडे. या माणसाला सवयच आहे. तुमच्या जवळपास मी सुखाने राहीन असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

थांब. फादरना फोन करू नकोस, आणि बाजारातल्या विधुरांची आठवणही काढू नकोस. तुम्ही सगळ्या बायका, आपल्या मावश्यांपासून, इतकी वर्षं त्या बिचाऱ्या संताकडे चुकीचं मागत आलात. जोसेफ कोण होता? सुतार. सुताराकडे कुणी नवरा मागतं का? मी घर मागितलं.

काल ओडीलचा फोन आला. तिच्या ट्रॉम्बोनवाल्याने लग्न ठरवलंय आणि तो बायकोच्या गावी चाललाय. नवरा कुणा दुसरीला लागला, पण अर्धं घर रिकामं झालं. ओडील म्हणते, भिंत एकच आहे, मी घोरले तर तिला ऐकू जाईल. मी म्हटलं, शेजारीच माझी वहिनी राहते, तिलाही ऐकू गेलं तर बरंच.

सूनबाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग खोके आणून दिले. ताट झाकून ठेवलं होतं. आज मी ते माझ्या वेळेला जेवले. लिंबू मासळीवर पिळलं, रसाळ निघालं.

लग्नाला येते. नारळ कपाटावरून काढून ठेव. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझी,
व्हीटा